केस क्रमांक एकशे बारा

सकाळी मशीन चालू केलं
की आधी घंटा बघायची, मग चहा.
घंटेवर आज सात.
पाच पिवळे, व्हिसाची मुदत जवळ आलेले,
एक शाळा बदलल्याचा, त्याला रंगच नाही,
आणि एक लाल :
केस एकशे बारा. हशीबाई लधाराम.
मुक्काम गांधीनगर, वळिवडे रस्ता.
स्थिती बदलली.

लाल म्हटलं की पोटात गोळा येतो.
लाल म्हणजे मुदत संपली, नाहीतर माणूस संपलं,
नाहीतर रात्रीत खोली सोडून कुठंतरी.
चष्मा पुसून वाचलं.
लाल म्हणजे हेही असतं, मला ठाऊक नव्हतं :
नागरिकत्व मंजूर.

बारा वर्षं.
घोटकीहून आली तेव्हा पोरगी कडेवर झोपलेली,
आता ती बारावीला, कॉमर्स घेऊन.
दर वर्षी कसबा बावड्याला खेटे,
शपथपत्र, झेरॉक्स,
फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत.
दर वर्षी मी तिच्या नावापुढची तारीख
थोडी पुढं ओढत आले,
झोपेत उघड्या पडलेल्या पोराचं पांघरूण ओढावं तशी.

खाली प्रणालीनं लिहिलंय :
लाभार्थी आता योजनेच्या व्याख्येत बसत नाही.
खोलीभाडं, धान्य, मुलीची फी बंद.
सात दिवसांत फाइल मिटवा.
'मिटवा'वर माऊस नेला
की बाणाचा पंजा होतो, एक बोट वर केलेला.

म्हणजे परकी होती तोवर आमची होती,
आणि आपली झाली तशी
(साहेबांपुढं एवढंच बोलले.
ते म्हणाले, वाक्यं करू नका, निकष वाचा.)

निकष वाचला. तीनदा.
रेशन कार्डाला रहिवासी दाखला,
दाखल्याला वीजबिल,
वीजबिल मालकाच्या नावावर,
आणि मालक असा, की भाडं थांबलं
की नाव विसरतो.

आमचे पणजोबा भाजीची पाटी घेऊन
वळिवड्याच्या छावणीत जायचे.
तिथं पोलंडची माणसं होती, लढाईतनं वाचलेली.
पणजोबा कोबीला मरेपर्यंत कपुस्ता म्हणायचे
आणि घरचे हसायचे.
मग ती माणसं गेली,
त्याच बराकीत सिंधी आले.
कोबी तोच.
कुठल्यातरी वहीत कुणीतरी टाक बुडवून
तेव्हाही स्थिती बदलली असणार.
त्याला घरी गेल्यावर जेवण गेलं का,
हे कुठं नोंदवलेलं नाही.

दुपारी फोन लावला.
हशीबाई कापडाच्या होलसेल दुकानात घड्या घालते.
मी बोलायच्या आत तीच,
"बाई, कागद आला! पेढं घेतलं,
मी आत्ता तिकडंच निघालो."

निघालो.
माझी सासू बोलते तसं :
गेलो, जेवलो, दमलो गं बाई.
हे तिला कुठल्या कचेरीनं शिकवलेलं नाही.
फॉर्मात त्याला रकाना नाही.
कधीपासून बोलते असं?
बारा वर्षांत माझ्या कानाला लागलं नाही, म्हणजे
बऱ्याच आधीपासून.

मी म्हटलं, या.
भाड्याचं सांगायचं होतं.
सांगितलं नाही.

कोपऱ्यात बारीक अक्षरात एक बटण आहे,
नंतर आठवण करा : एक दिवस, तीन दिवस.
तीनवर टिचकी मारली.
शेरा लिहिला, लाभार्थी प्रत्यक्ष येत आहे.
यात खोटं काही नाही.

घंटेवरचा आकडा सातच राहिला.
मी टेबलावरच्या फायली एका बाजूला सारल्या,
पेढ्यांच्या पुड्याएवढी जागा केली.