वीस टक्के

गावाचं नाव आहो.
कुणी कुणाला हाक मारावी,
आणि पुढे काय सांगायचं ते विसरून जावं, तसं.
तांब्याची खाण बंद पडली, भोक तेवढं राहिलं.
त्या भोकात दिवसभर ऊन साठतं
आणि रात्री दहानंतर सावकाश वर येतं,
उशीर झालेल्या पाहुण्यासारखं.

आज सत्तेचाळीस.
स्टिअरिंग मी ओले मोजे हातात घालून धरतो,
पान्हे बादलीत बुडवून ठेवतो,
पत्र्यावर गुडघे टेकायच्या आधी
जुन्या कार्पेटचा तुकडा टाकतो.
एकोणतीस उन्हाळे छपरांवर कूलर दुरुस्त करतोय.
बायको म्हणते, सगळ्या गावाच्या डोक्यावर चढून बसलायस.

रेडिओ सांगतो: पावसाची शक्यता वीस टक्के.
काल वीस. परवा वीस.
वीस टक्के म्हणजे किती, मी एउसेबिओला विचारलं.
तो म्हणाला, आपण कुणाकडे उसने पैसे मागावेत
आणि त्यानं नुसतेच खिसे चाचपावेत,
तेवढे.

दुपारी डेल्फिना आंतोनेचा फोन: कूलर मेला.
ओओधम म्हातारी. ऐंशीनंतर वय मोजायचं सोडलंय.
जूनमध्ये अजूनही पहाटे निघते,
सग्वारोच्या वाळक्या फासळ्या जोडून केलेल्या काठीनं
त्याच सग्वारोची लाल फळं पाडते.
त्यांचं वर्ष तिथून सुरू होतं, पावसाच्या तोंडाशी.
माझ्या भिंतीवरच्या टायरवाल्याच्या कॅलेंडरला
याची खबर नाही.

वर चढलो. पंप चालू. पट्टा घट्ट.
लाकडाच्या भुशाच्या गाद्या चिंब.
पंखा फिरतोय, आणि हवा
राजम्याच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी.

खाली येऊन म्हटलं, काहीच बिघडलेलं नाही.
"माहितीय," ती खुर्चीतून न उठता म्हणाली.
मग बोलावलंत कशाला?
"खात्री करायला.
कूलर धड असून घर गार होत नसेल
तर हवेत पाणी आलंय.
तो धड आहे हे तू सांगायचं. पुढचं मी."

म्हणजे एवढी वर्षं
दर जुलैला ही बाई मला
हवामानखातं म्हणून छपरावर चढवत होती.

चारला दक्षिणेकडे ढग उठला, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा,
खालून जांभळा.
पाचला धुळीची भिंत आली,
पेट्रोलपंपाची पाटी गिळली, मग चर्च, मग माझा हात.
ती गेल्यावर गाडीच्या बॉनेटवर थेंब पडले.
मी मोजले. सात.
आठवा खाली येता येता हवेतच संपला असावा.
ओल्या क्रिओसोटचा वास मात्र सगळीकडे,
जेवण दुसऱ्याच्या घरी, फोडणी आपल्या नाकात.

बस. झाला पाऊस.

रात्री साडेअकराला कुत्री भुंकायला लागली.
आभाळात चांदण्या खच्चून,
आणि कोरड्या ओढ्यात काहीतरी सरपटत येतंय.
पाणी. कुठल्या तरी डोंगरावर पडलेलं,
तीस मैल चालून आलेलं.
पुढे फेसाची मळकी जीभ, काटक्या, एक चप्पल,
माणसाच्या चालीनं, घाई न करता.
एउसेबिओचं कुत्रं एकेक पाऊल मागे सरत
त्याच्याकडे बघत होतं.
वर्षभर जमिनीत पुरून घेतलेले बेडूक
कुठून तरी मेंढरांसारखे ओरडू लागले.

काठावर टॉर्च. डेल्फिना, नाइटगाऊनवर नातवाचं जाकीट.
मी म्हटलं, गावात थेंब नाही, याला पाऊस म्हणायचं का?
तिनं टॉर्च विझवली. अंधारात पाण्याचा आवाज मोठा झाला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाली, "तुझे किती झाले?"
मी म्हटलं, काही दुरुस्तच केलं नाही.
"वर चढण्याचे."
जाकिटाच्या खिशातून सग्वारोच्या पाकाची बाटली काढली,
कोमट, चिकट, झाकणाला मुंग्या.

सकाळी रेडिओ: गेल्या चोवीस तासांत आहो येथे पाऊस शून्य.
आज शक्यता तीस टक्के.
साडेसहालाच पत्रे तडतडतायत.
मी ओसरीत बूट उलटे करतो.
डाव्यातला चिखल
अजून ओला आहे.