ट्रिपशीटच्या पाठीवर

पुढच्या बाजूला बाबांचं अक्षर:
ट्रक नंबर, खेपा अकरा, डिझेल, सही.
मागच्या कोऱ्या बाजूवर शाणू
न झालेल्या वर्षांच्या संध्याकाळी भरायचा.
पाच ते सात, फक्त मुलांसाठी.

पिसुर्ल्यात आमचा टीव्ही
खाणीच्या कॅन्टीनमधून लिलावात घेतलेला,
हिरवट झाक, डावीकडे जरा जास्त.
त्यावर रविवारी अर्धा तास
चितारलेली जनावरं धावायची, आपटायची, उठायची.
शाणूला अर्धा तास पुरेना.
म्हणायचा, इतिहास थोडासा सरकवला
तर वेळ निघेल.

एकसष्टात फौज वाट चुकली असती, तर:
पाच वाजता टोपीवाला कोंबडा
'बोआ तार्द' म्हणून वाकतो.
पाच दहा, तारल्यांची शाळा
(मास्तरीण इसवण; मारत नाही).
साडेपाचला लिस्बनची फिल्म,
बोटीनं आलेली, म्हणून तीन आठवडे शिळी.
सहाला इगर्जीची घांट. पडदा काळा,
ज्यांना गुडघे टेकायचेत त्यांच्यासाठी,
आणि आम्ही? आम्ही तोवर हातपाय धुवायचे.

सदुसष्टात दोन पानांपेक्षा
फूल भारी पडलं असतं, तर
सगळं मुंबईहून:
एक अतिशहाणा ससा
कोल्ह्याच्या तावडीत सापडल्यावरही
'आपण असे करू नये' म्हणतो.
आम्ही लोळून हसायचो.
पुस्तकासारखं बोलणारे
फक्त नाईक मास्तर पाहिले होते,
आणि त्यांनाही कधी कोल्ह्यानं धरलं नव्हतं.

एका वर्षाला कारणच दिलेलं नाही.
पणजीच्या केंद्रात नुसता एक साहेब आहे
जो साखळीच्या बाजारात वाढला.
त्या वर्षी कुर्ली फौजदार झाली,
सरळ चालणाऱ्या प्रत्येकाला अडवायची.
खाजनातली मगर मानशीची दारं लावायला विसरायची,
दर आठवड्याला, तरी नोकरी टिकून.

आणि प्रत्येक तक्त्यात सहा वीसला
'व्यत्यय'.
मी चिडायचे. आपणच लिहितोय ना, मग कशाला?
तो म्हणाला, व्यत्यय नसला
तर खरं कोण मानेल?

चवथीच्या सुट्टीत त्यानं मथळा लिहिला:
खाण लागलीच नसती, तर.
पाच वाजता,
आणि पेन्सिल थांबली.

छपरावरच्या अँटेनाचं तोंड आल्तिनोकडे होतं.
चित्र ज्या वाटेनं यायचं
त्या वाटेवर आधी घोटिंगाचा डोंगर होता.
बाबांनी तो उचलून नेला होता,
एकट्यानं नव्हे, पण रोज अकरा खेपा,
जेटीवर, बार्जमधून, जपानला.
डोंगर असता तर लहर तिथंच अडली असती.
शिवाय वीज आली नसती.
शिवाय ट्रक.
शिवाय हा कागद, ज्याच्या पाठीवर

तो इतका वेळ गप्प बसला
की आईनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.
मग लिहिलं:
पाच, झरा.
साडेपाच, झरा (पुनःप्रक्षेपण).
सहा, गवे पाण्यावर येतात, आवाज नाही.
सहा वीस, गवे.
त्या पानावर व्यत्यय नाही.

शाणू आता मस्कतला असतो, विजेच्याच कंपनीत.
त्याला त्या तक्त्यांचं विचारलं
तर कुर्ली तेवढी आठवते.

खाण बंद पडली, ट्रक अंगणात गंजला,
खड्ड्यात पाणी साठलंय,
हिरवट झाक, डावीकडे जरा जास्त.
बाबा काठावर जाऊन बसतात,
गुडघे दुखत असले तरी.
पाचला जातात, सातला उठतात.
मी काही विचारलेलं नाही.