वीतभर जागा

रासईच्या यार्डात तेहेतीस वर्षं
मी भोकं बुजवली.
खनिज घासून घासून
कागद झालेल्या बार्जच्या तळाची,
कुणा तांडेलाने खडकावर चढवलेल्या नाळेची.
भोक दिसलं की हात होल्डरकडे जातो,
जसा जेवण झालं की विडीकडे.

मग आन्सेल्म पात्रांव आला.
भंगारातली ‘सातेरी’ त्याने वजनावर घेतली
आणि जमिनीवर खडूने माणूस काढला.
माणूस म्हणे.
डोकं नाही, बोटं नाहीत,
दोन वाकलेल्या प्लेटी एकमेकींना टेकलेल्या,
एक पाय, जो दुसराही असू शकेल.
“आणि चेहरा?” सगुणने विचारलं.
“एवढ्या वजनात बसत नाही.”

अठरा दिवस सांधत होतो.
आतून जुना लाल रंग निघाला,
नावातलं एक अक्षर निघालं, उलटं.
ते घासू नको म्हणाला.
आणि छातीपाशी, प्लेटी भेटतात तिथे,
वीतभर जागा उघडी ठेव.

मी मान डोलावली.
दुसऱ्या दिवशी जागा बुजलेली होती.
शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही.
हाताने केलं.

तो रागावला नाही.
उलट्या डब्यावर बसला, म्हणाला, “काप.”
स्वतःचा सांधा मी पहिल्यांदा कापला.
चांगला होता सांधा.
पाण्याचा थेंब गेला नसता त्यातून.

आता दुर्भाटच्या धक्क्यावर उभा आहे तो.
फेरीची वाट बघणारे त्याला टेकतात.
पिएदाद त्याच्या पायाशी मासळीची पाटी ठेवते,
म्हणते, हा माझा घोव,
ऐकून घेतो सगळं.

बायकोला दाखवायला नेलं.
समोरून बघितलं तिने, मग मागे गेली,
वाकून त्या जागेतून पलीकडे बघत राहिली.
नदी. खाजनाचा बांध.
ओहोटी लागलेली,
मानशीची लाकडी दारं
आतल्या पाण्याने ढकलून उघडलेली.
“बाबा मानशीवर होते,” ती म्हणाली,
“रात्री उठून बघून यायचे,
दार उघडलं की नाही.”
एवढं बोलून पदर झटकला,
गंजाचा डाग लागला होता.

संध्याकाळी वारा सुटला
की तिथून आवाज येतो,
बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा.
सगुण म्हणतो, कड नीट घासली नाहीस.
खरं आहे.
एकदा ग्राइंडर घेऊन जायला हवं.
जात नाही.