बासष्ट अंश

जुन्या बाजारातून रविवारी
सायकलच्या दोन फाटक्या ट्यूब आणल्या, वीस रुपयांत.
सागाची पट्टी टिंबर मार्केटातल्या वखारवाल्याने फुकट दिली,
वर विचारलं, कशाला?
"मोजा फेकायला," दुर्वा म्हणाली.
त्याने पुढे काही विचारलं नाही.
भवानी पेठेत एवढं स्पष्टीकरण पुरतं.

वहीच्या पहिल्या ओळीवर तिने लिहिलं: मोजा.
वस्तूचं नाव की आज्ञा, मी विचारलं नाही.

गल्ली नऊ मीटर रुंद.
आमची गॅलरी पहिल्या मजल्यावर,
समोर तिसऱ्यावर सकीनाची खिडकी.
तिने वरून सुतळी सोडली, गाठी मोजल्या:
आमच्यापेक्षा सहा मीटर वर.
सकीनाचा पाय प्लास्टरमध्ये, अजून पाच आठवडे.
जिना चढून जा की, मी म्हटलं.
"जिन्यात प्रयोग नाही, मामा."

मी भोसरीत बावीस वर्षं फिटर होतो.
बुश, बेअरिंग, मिलिमीटरचा शंभरावा भाग.
हवेत सोडून दिलेल्या वस्तूशी
माझा कधी संबंध आला नाही.
आमच्याकडे जे हातून सुटतं
त्याची नोंद रिजेक्शनमध्ये होते.

ट्यूब एक वीत ताणली की जेवढी ऊर्जा साठते,
दोन वीत ताणली की दुप्पट नाही, चौपट.
हे दुर्वाने मला आधी वहीत दाखवलं,
मग माझ्या अंगठ्यावर.

पहिला दांडा जाड होता.
मोजा कठड्यापाशीच पडला.
"स्वतःलाच उचलण्यात दमतो हा,"
ती म्हणाली.
मी ड्रिल काढलं, दांड्याला नऊ भोकं पाडली,
जे लाकूड काम करत नव्हतं ते काढून टाकलं.
कंपनीतही असंच झालं, मार्चमध्ये.
तिथे भोकांच्या जागी माणसं होती.

मग मोजा गेला,
पुस्तकातल्या पंचेचाळीस अंशांत,
सरळ सोलंकी काकींच्या जाळीत,
दुसऱ्या मजल्यावर, वाळत घातलेल्या पापडांवर.
मोजा परत मिळाला, दोन बोटांच्या चिमटीतून.
पापडांचा हिशोब तोंडी.

"पंचेचाळीस सपाट जमिनीवर.
वरच्याला गाठायचं तर जास्त उभं फेकायला लागतं."
नऊ आणि सहाचा कोन काढला, जेमतेम चौतीस,
त्याचा निम्मा पंचेचाळीसमध्ये मिळवला:
बासष्ट.
ती तेरा वर्षांची आहे.
कंपासपेटी मी आणली होती, माझा वाटा तेवढा.

दांडा जिथे अडतो ती आडवी पट्टी
आम्ही मागे सरकवली.
हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं:
दांडा थांबतो म्हणून मोजा सुटतो.
थांबला नसता, तर गोल फिरवून
त्याने तो आमच्याच पायाशी आणून टाकला असता.

बत्तिसावी फेक. वारा पडलेला.
मोज्यात भूमितीच्या गृहपाठाचं पान
आणि लिमलेटच्या दोन गोळ्या.
निघाला तो इतका उभा
की मी डोक्यावर हात घेतला.
वर गेला, खिडकीच्याही हातभर वर,
आणि तिथे क्षणभर थबकला.
(थबकला नाही, दुर्वा म्हणते.
वर जाणं तेवढं संपलं होतं.
पुढे जाणं चालूच होतं.)
मग खाली वाकून
खिडकीतून आत.

आतून भांडं पडल्याचा आवाज. मग हसणं.

अर्ध्या तासाने सकीना खिडकीत आली,
मोजा बाहेर धरला
आणि नुसती मूठ उघडली.
ना ट्यूब, ना दांडा, ना अंश.
मोजा उसाच्या गाडीशेजारी पडला.

आणायला मी गेलो.
गृहपाठ तपासलेला होता,
दोन चुका, लाल पेनने.

परत येताना अठरा पायऱ्या.
माझं वजन त्र्याहत्तर किलो.
मधल्या वळणावर टेकून मी मनातल्या मनात गुणाकार केला,
आणि वर पोचल्यावर
दुर्वाकडे वही मागितली.