थंड हवा जड असते

गाडी घेतली तेव्हा डिकीत बेदाण्यांचा वास होता.
दोन हजार चारची ऑक्टाव्हिया, पेट्रोल, टर्बो,
पिंपळगावच्या बागुलांची. द्राक्षवाले.
"हिच्यातून माल कधी नेला नाही," म्हणाले, "फक्त सॅम्पल."
मी मान हलवली.
वास आजही आहे.

सातपूरच्या कंपनीत मी तपासणीला असते.
दिवसभर मायक्रॉन मोजते, पास, नापास, पास,
आणि सहानंतर द्वारकेच्या मागे, इद्रिसभाईंच्या गॅरेजात
स्वतःची गाडी नापास करत बसते.

चारही सिलिंडरांना गेज लावला.
एकशे साठ. एकशे बासष्ट. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे साठ.
"तिसऱ्याला जरा दमा आहे," इद्रिसभाई म्हणाले,
"वीस वर्षं झाली, ताई. आपल्याला नाही का लागत, जिना चढताना?"

मग टर्बोचा दांडा. पेन्सिलीपेक्षा बारीक.
त्याला केसाहून कमी हलायची मुभा.
माझा डायल लावला, पहिल्या बोनसमधून घेतलेला,
काटा थरथरला आणि थांबला.
पास.
तिने बाहेर टाकलेल्या श्वासावरच तिचं चाक फिरतं
आणि तेच चाक तिच्या छातीत नवी हवा कोंबतं.
इतका काटकसरी संसार मी दुसरा पाहिला नाही.

वजन उतरवायचं होतं.
मागची सीट, स्टेपनी, जॅक, गालिचे, गालिच्याखालचं डांबर,
सगळं शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर: एकाहत्तर किलो.
सीटखाली निघाले सात बेदाणे, एक रुपया
आणि दोरीसकट ओळखपत्र:
कु. रेवती बागुल, इयत्ता तिसरी, तुकडी ब.
ते काट्यावर ठेवलं नाही.
ग्लव्हबॉक्समध्ये टाकायला गेले
तर इद्रिसभाई म्हणाले, "तोही काढायचाय."
पर्समध्ये टाकलं.

तरी दाब टिकेना.
गळती सापडेना तेव्हा पंचवटीतून धूप आणला,
पाइपात धूर भरला, दिवा मालवला, टॉर्च लावली.
खालच्या वळणावर, जिथे हात पोचत नाही,
रबर हळूच धूर सोडत होतं,
घरच्यांपासून लपून विडी ओढावी तसं.
नवा तुकडा अंबडमधून बनवून आणला.
बिलावर "पाण्याचा पाइप" लिहिलं होतं. असो.

डिसेंबरात निफाडचा पारा पाचावर आला.
इद्रिसभाईंनी हात चोळले.
"थंड हवा जड असते, ताई. एका घोटात जास्त मावते."
लॅपटॉपवर आत जाणाऱ्या हवेचा आकडा: अकरा.
मी त्या आकड्याकडे बघत हसत होते
तेव्हा बागुलांचा फोन आला, आरसीच्या झेरॉक्ससाठी.
मागे कुणीतरी ओरडत होतं, लाकडं कमी पडताहेत.
"बागेत शेकोट्या पेटवल्यात," म्हणाले,
"दव गोठलं तर मणी तडकतील."
मी "अरेरे" म्हटलं.
ते खरं होतं.
आकडाही अकराच होता, आणि मला तो हवा होता.
"रेवतीचं ओळखपत्र सापडलंय," मी म्हणाले.
"आता साडेपाच फूट आहे ती," ते म्हणाले. "ठेवा तुमच्याकडे."

धावपट्टी. सकाळचे सात. चारशे दोन मीटर.
शेजारी मालेगावचा पोरगा, पांढरी छोटी गाडी,
हेल्मेटवर चुलत भावाचं नाव.
हिरवा.
आधी ती विचार करते. नेहमीच करते.
तेवढ्यात पोरगा दोन गाड्या पुढे,
मग पाठीत कुणीतरी तळहात टेकवला
आणि ढकललं,
तिसरा गिअर उशिरा पडला, तो माझा दोष, तिचा नाही.

चौदा पूर्णांक नऊशे बारा.
तीन दशांशांशी माझा रोजचा व्यवहार,
यावर मात्र सही मारून पुढे ढकलता येईना.

टर्बोची गाडी लगेच बंद करायची नसते.
दोन मिनिटं तशीच चालू ठेवायची,
तेल फिरू द्यायचं, तापलेलं चाक थंड होऊ द्यायचं.
पोरग्याने काच वाजवली: "पेट्रोल का जाळताय, काकू?"
मी दोन बोटं दाखवली. तो समजला, जिंकलो म्हणून.

त्या दोन मिनिटांत मी बागुलांना फोन लावला.
"मणी वाचले?"
"वरच्या बागेतले वाचले. खालच्या चार ओळी गेल्या. तुमचं?"
"हरले."
"थंडी किती होती तिथे?"
"नऊ."
ते जरा थांबले.
"नऊला हरलात? मग आमच्या द्राक्षांनी कशाला सोसलं ओ?"

आणि हसले की खोकले, कळलं नाही,
इंजिन चालू होतं.