हरकत असल्यास

सांगलीच्या कचेरीत, जिन्यापाशी,
जाळीच्या कपाटात नोटिसा मी लावते.
टाचण्या माझ्या, किल्ली माझी,
तीस दिवस सरकारचे.

आज लावली ती अशी:
वर्धमान देवगोंडा मगदूम, वय एकतीस, हळदीच्या अडतीत दिवाणजी,
हन्ना दिवाकर आवळे, वय अठ्ठावीस, परिचारिका, मिरज.
पत्ते पूर्ण.
कुणालाही घर सापडावं इतके पूर्ण.

धर्म लिहायला रकाना नाही.
लोक नावावरून वाचतात.
चहावाला वाचतो, सातबाऱ्याला आलेले वाचतात,
एकजण मोबाइलवर फोटो काढून
दोन-दोन पायऱ्या उतरत जातो.

त्याच्या नखांत हळद होती.
म्हटलं, लग्नाआधीच लागली वाटतं?
"बारा वर्षं झाली ताई, निघत नाही."
हन्ना हसली नाही. तिनं विचारलं,
"हरकत म्हणजे कसली?"

मी पाठ म्हटलं:
आधीचा जोडीदार हयात, वय कमी,
डोकं ठिकाणावर नाही, नातं फार जवळचं.
"देवाचं काही?"
देवाचं काही नाही, म्हणाले,
आणि माझ्या डोक्यावर, भिंतीवर,
गेल्या श्रावणातला सत्यनारायण,
साहेब सोवळ्यात, सगळा स्टाफ हात जोडून,
केळीचे खुंट बांधलेले
याच जाळीच्या कपाटाला.
वर्गणी मीच गोळा केली होती.

मला कायदा पुस्तकातून आला नाही.
माझ्या नवऱ्यानं दुसरं केलं, नदीकाठच्या देवळात.
मी फिर्याद लावली.
पत्रिका दिली, फोटो दिले,
पंगतीत जेवलेली माणसं दिली.
कोर्ट म्हणालं, सप्तपदी?
भटजी म्हणाले, चार पावलं आठवतात,
पुढे माझा फोन वाजला.

निकाल सोळा पानी.
सात सिद्ध नाहीत म्हणून लग्न नाही,
लग्न नाही म्हणून गुन्हा नाही.
तीन पावलांनी सुटला माणूस.
अग्नी होता तिथं, पण त्याला समन्स निघत नाही.
तिला तोवर मुलगी झाली होती.
निकालाच्या महिन्यात ती चालायला लागली,
सात काय, अख्खी ओसरी.

एकोणिसाव्या दिवशी दोन हरकती आल्या.
एक त्याच्या चुलत्यांची, एक तिच्या मामांची.
समाजाची परवानगी नाही,
घराण्याची अब्रू, पुढच्या पिढीचे संस्कार.
दोन्ही कागद इतके सारखे
की मी उजेडात धरून पाहिले.
दोन्हींत 'र' अर्धा तुटका.
खाली झाडाखाली बसणाऱ्या हुसेनसाब बारगिरांच्या मशीनचा.
आवकचा शिक्का मारला. कलम एकही लागत नव्हतं.
साहेबांनी पाच दिवस फाईल उशाला घेतली
आणि मग फेटाळल्या, पेन झटकत,
जणू शाईचाच दोष.

एकतिसाव्या दिवशी साक्षीदार दोनच.
तिसरी नर्स, तिला इमर्जन्सी लागली.
कायद्याला तीन लागतात,
इथंही आकडा आहेच.
साडेपाचला साहेब उठणार होते.
मी जिना उतरले.

बारगीर मशीनवर फडकं टाकत होते.
ऐकून घेतलं, चष्मा पुसला.
"दोन्हीकडून टायपिंगचे पैसे घेतलेत मी," म्हणाले,
"सहीचे नकोत."
वर येऊन, दम घेत,
मोडीसारखी वळणदार सही केली.
तिच्यातला 'र' शाबूत होता.

हार नव्हते. पेढे होते, तेही मेडिकलच्या पिशवीत.
सगळ्यांना एकेक, साहेबांना दोन.
मग दोघं निघाले, टेबलापासून दारापर्यंत.
मोजायचं नाही असं ठरवूनही मी मोजली.
पाचच भरली.
खोली लहान आहे.