पाणाडी

कोलंबस, ओहायो. नोव्हेंबर.
वर्लिन प्रॉसरच्या पोटावर आज दुसऱ्यांदा सुरी.
पहिल्या खेपेला "सगळं काढलं" म्हणाले होते,
आणि दीड वर्षानं त्याच्या रक्तातला एक आकडा
चढू लागला, मंद आचेवरच्या दुधासारखा,
कुणाचं लक्ष नसताना.

चोवीस दिवसांपूर्वी सुई मीच टोचली होती:
उंदराच्या पेशींनी घडवलेली प्रतिपिंडं,
प्रत्येकीच्या पाठीवर
किरणोत्सारी आयोडीनचं कणभर ओझं.
"म्हणजे उंदरं सोडताय माझ्यात," तो म्हणाला,
"मग मांजर कोण?"
त्याची बायको ओपल हसली नाही.
ती वहीत लिहून घेत होती:
साध्या आयोडीनचे थेंब, रोज, संत्र्याच्या रसातून,
म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचं पोट भरलेलं राहील,
आणि ती परक्या ताटाला हात लावणार नाही.

मग वाट पाहणं.
जे चिकटायचं ते चिकटेपर्यंत,
उरलेलं रक्तातून निथळून जाईपर्यंत.

आता पोट उघडं आहे.
डॉक्टर लिंडक्विस्टचा हात मनगटापर्यंत आत,
डोळे छताकडे. आंधळा माणूस चेहरा ओळखतो
तसा तो यकृताची कड चाचपतो.
"एक गाठ. इथे. बाकी साफ."
तीस वर्षांची बोटं आहेत ती,
त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही.

मी पेटी सुरू करते.
निर्जंतुक पिशवीतली स्टीलची कांडी
आधी महारोहिणीवर टेकवतात,
आणि तिथे मी मौनाची पातळी ठरवते:
याच्या खाली सगळं गप्प,
याच्या वर ते बोलणं.
गाठीवर कांडी किंचाळली. ठीक. ते ठाऊकच होतं.
यकृतावर गप्प. आतड्याच्या वळणांवर गप्प.
मग आदांत्राच्या मागे,
जिथे नुसती पिवळी, निरुपद्रवी चरबी,
ती पुन्हा किंचाळली.

लिंडक्विस्टनं बोट लावून पाहिलं.
"काही नाही इथे."
कांडी उचलली. शांतता.
टेकवली.
माझ्याकडे पाहिलं त्यानं, जणू मीच ओरडले होते.

वाटाण्याएवढा तुकडा खाली गेला, गोठवून कापला गेला.
वीस मिनिटांनी फोन:
सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही.
तो बराच वेळ उभा राहिला, हात छातीशी जुळवलेले,
रक्ताळलेले. मग म्हणाला,
"तिथलं उरलेलंही काढू."

पाचव्या दिवशी वर्लिननं मला विचारलं,
आवाज कसा होता.
त्याचा बाप पाणाडी होता, जॅक्सन काउंटीत,
पीचच्या दुबेळक्या फांदीनं पाणी शोधायचा.
"फांदी खाली वाकली की मला रोमांच यायचे.
बारा विहिरी लागल्या. तीन कोरड्या.
कोरड्या बुजवायला मला पाठवायचा,
रात्री, लोकांनी पाहू नये म्हणून."

ओपलनं वही मिटली.

"ती मागची," तो म्हणाला,
"तिथे पाणी होतं का?"

मी उशी सारखी केली, नळी तपासली.
"आवाज झाला होता," मी म्हटलं.
"मोठा?"
"हो. मोठा."

त्यानं बँडेजवर तळहात ठेवला,
आणि कितीतरी वेळ
तो तसाच पडून होता, कान देऊन.